आणिक एक थेंब

थेंब गार होता. सिस्टरने माझ्यासमोरच छोट्या फ्रिजमधून ती बोटभर बाटली काढली, "वर बघा ताई, थोडं झोंबेल हं," असं सवयीने म्हणाली आणि खालची पापणी अंगठ्याने ओढून थेंब सोडला. दोन-तीन सेकंद खरंच झोंबलं. मग ते झोंबणं विरघळून गेलं आणि पापण्या जाड झाल्या, दुसऱ्या कुणाच्या तरी आणून लावल्यासारख्या. घशात कडवट चव उतरली. डोळ्यातून नाकात आणि नाकातून घशात वाट आहे हे एरवी फक्त रडताना कळतं. तिने केशरी रंगाची कागदाची एक पट्टी डोळ्याच्या कडेला हलकेच टेकवली, तीही मला दिसली पण लागली नाही. "आता चोळायचं नाही. वीस मिनिटं तरी हात लावू नका." माझ्या आत्याला काचबिंदू होता, म्हणून पन्नाशी जवळ आल्यापासून मी दर वर्षी डोळ्यांचा दाब तपासून घेते. दर वर्षी हेच होतं. या वर्षी मात्र ती बाटली हातात धरायची तिची पद्धत, अंगठा आणि पहिलं बोट, आणि बाटली तिरकी करण्याआधी घेतलेला एक क्षणाचा अंदाज, हे सगळं मी फार लक्ष देऊन पाहिलं आणि पोटात काहीतरी हललं.

हनुवटी खाली ठेवली, कपाळ पट्टीला टेकवलं. समोरून निळा प्रकाश पुढे पुढे सरकत आला. त्याच्या मध्यभागी पेन्सिलीमागच्या खोडरबराएवढं पारदर्शक टोक असतं. ते येताना दिसत होतं. ते बुबुळाला, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याला, टेकलं तेही कळलं, कारण निळं एकदम सगळीकडे पसरलं. लागलं मात्र काहीच नाही. डोळ्यासमोर साधी काडी आली तरी पापणी मिटते, धुळीचा कण शिरला तर माणूस रस्त्यात गाडी थांबवतो, आणि इथे एक वस्तू सरळ बुबुळावर येऊन टेकली होती आणि शरीराला त्याची खबर नव्हती. या यंत्राची रचना गोल्डमन नावाच्या डोळ्यांच्या डॉक्टरांची. बुबुळाचा ३.०६ मिलिमीटर व्यासाचा गोल सपाट करायला किती जोर लागतो, त्यावरून आतला दाब काढतात. "१७ आणि १९," डॉक्टर म्हणाल्या. "छान आहे. २१ च्या आत आहे." मी रुमालाने गाल टिपला तर रुमालावर पिवळा-केशरी डाग उमटला.

तो डाग मी लहानपणीही एकदा पाहिला होता. पण ते नंतर सांगते.

मला बाहुल्या मोठ्या करायचे दुसरे थेंब घालून तिथेच भिंतीलगतच्या खुर्चीवर डोळे मिटून बसायला सांगितलं. तेवढ्यात एका पोराला आत आणलं. विशी-बाविशीचा असेल. एका हाताने दोन्ही डोळे झाकलेले, दुसरा हात सोबत्याच्या खांद्यावर. वेल्डिंग करतो. काल दुपारी काच न लावता दोन-चार टाके मारले, संध्याकाळी काही नव्हतं, रात्री एक वाजता डोळ्यात वाळू भरल्यासारखं सुरू झालं ते आत्तापर्यंत. वेल्डिंगच्या चमकेचं असंच असतं. त्या चमकेतली अतिनील किरणं बुबुळाची वरची साल भाजून काढतात, पण तक्रार सहा ते बारा तासांनी सुरू होते. दिवसा केलेल्या कामाची वसुली रात्री. त्या पोराला डोळा उघडताच येत नव्हता. डॉक्टरांनी कसाबसा फटीतून एक थेंब सोडला, त्याच बाटलीतला. मी मोजत नव्हते, पण अर्धं मिनिटसुद्धा झालं नसेल. त्याचे खांदे खाली आले. चेहऱ्यावरच्या सगळ्या गाठी सुटल्या. त्याने डोळे उघडले, डॉक्टरांकडे पाहिलं आणि तो चक्क हसला. रात्रभर तळमळलेल्या माणसाचं ते हसू मी विसरू शकत नाही. मग तो म्हणाला, "मॅडम, हीच बाटली लिहून द्या ना."

"ही घरी न्यायची नसते."

"पैसे देतो की. एकच द्या. रात्रीपुरती."

"पैशाचा प्रश्न नाही, बाळा." डॉक्टरांनी खुर्ची त्याच्याकडे ओढली. "आत्ता दुखतंय म्हणून तू डोळे मिटून पडून राहशील. पडून राहिलास तर उद्या-परवापर्यंत आपोआप भरून येईल. दुखायचं थांबलं तर तू संध्याकाळी परत कामावर उभा राहशील. आणि हे औषध सारखं घातलं ना, तर जखम भरतच नाही." त्याला ते पटलं नाही. त्याने सोबत्याकडे पाहिलं. हातात आलेली सुटका कुणीतरी परत कपाटात ठेवते आहे असं त्याला वाटलं असणार. डॉक्टरांनी मलम लिहून दिलं, गोळी लिहून दिली, गार पाण्याच्या पट्ट्या ठेवायला सांगितल्या. मी उठून बाहेर बाकावर जाऊन बसले.

ती बाटली आमच्या घरी होती.

बाकावर बसल्या बसल्या मला रडू आलं. डोळे अजून बधिर होते, त्यामुळे पाणी आलंय हे डोळ्यांना कळलंच नाही. ते गालावर उतरलं तेव्हा गालाला कळलं. डोळ्यात कचरा गेल्यावर येणारं पाणी आणि मनातून येणारं पाणी यांच्या वाटा वेगळ्या. कचऱ्याची वर्दी बुबुळातल्या नसा देतात, त्या गप्प केल्या की ते पाणी थांबतं. दुसऱ्या पाण्याला बुबुळाची परवानगी लागत नाही.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात आमची शेड होती. पुढे शेड, मागे दोन खोल्यांचं घर. दोन लेथ, एक बेंच ग्राइंडर, कोपऱ्यात वेल्डिंगचा ट्रान्सफॉर्मर. आण्णा, माझे वडील, ऑइल इंजिनचे सुटे भाग करायचे. शाळेतून घरी येताना गल्लीच्या तोंडाशीच कटिंग ऑइलचा वास लागायचा, गोडसर आणि जळका. शेडच्या जमिनीत लोखंडाचा कीस इतका मुरलेला होता की पाऊस पडला की दारातून तांबडं पाणी वाहायचं. आणि डोळे. तिथल्या प्रत्येकाच्या डोळ्याची काहीतरी गोष्ट होती. ग्राइंडरसमोर गॉगल लावायचा असतो हे सगळ्यांना माहीत होतं, गॉगल खिळ्याला टांगलेलाही असायचा. पण त्याची काच चरे पडून धुरकट झालेली, लावला की माप दिसायचं नाही. माप चुकलं तर माल परत यायचा. मग माणसं एक डोळा बारीक करून काम करायची.

कण उडाला की आरडाओरडा होत नसे. माणूस मान खाली घालून मागच्या दाराशी यायचा आणि म्हणायचा, "वैनी, डोळ्यात काय तरी गेलंय." मग आई पदराचा बोळा करायची, त्यात तोंडाची वाफ सोडून तो गरम करायची आणि मिटल्या डोळ्यावर धरायची. वाफ, शेक, वाफ, शेक. मला वाटतं शेकापेक्षा कुणीतरी समोर बसून आपल्यासाठी फुंकर घालतंय याचाच त्या माणसांना आराम पडत असावा. चमक लागली तर कच्च्या बटाट्याच्या चकत्या, नाहीतर गुलाबपाणी. शेजारच्या गल्लीत एक म्हातारी होती, ती जिभेच्या टोकाने डोळ्यातला कण काढायची. मी एकदा ते पाहिलं आणि दोन दिवस जेवले नाही. आणि काडीपेटीतली काडी. एकाने डोके धरायचं, एकाने पापणी उलटायची आणि तिसऱ्याने काडीचं टोक लावून कण उचलायचा. धरलेला माणूस तडफडायचा. एकदा एका जाणत्या टर्नरने काडी फिरवताना पोराने मान झटकली आणि बुबुळावर ओरखडा उठला. त्या रात्री आण्णा जेवणावरून उठून गेले.

म्हणून ती बाटली आली. कुठल्याशा दवाखान्यात आण्णा एका कामगाराला घेऊन गेले होते. तिथल्या कंपाउंडरने थेंब घातला, कण काढला, आणि आण्णांनी विचारल्यावर उरलेली बाटली देऊन टाकली. लिग्नोकेन, ४ टक्के, बधिर करायचं औषध. त्याने ती वाईट बुद्धीने दिली असं मला आजही वाटत नाही. कारखानदार माणूस आहे, पोरांना रोज लागतं, घेऊन जा. आण्णांनी ती शेडमधल्या लाकडी ड्रॉवरमध्ये, मायक्रोमीटरच्या पेटीशेजारी ठेवली. मायक्रोमीटरला कुणी हात लावलेला त्यांना चालत नसे, तसा बाटलीलाही. ती संपली की नवी आणायचे, औषधाच्या दुकानात कुणी फारसं विचारत नसे. वर्षभर आमच्या शेडमध्ये कुणी तडफडलं नाही. थेंब घालायचा, मिनिटभर थांबायचं, काडीने कण उचलायचा. माणूस शांत बसून राहायचा. आण्णांच्या चेहऱ्यावर त्या वेळी जे समाधान असायचं ते मी नंतर फक्त एकदाच पाहिलं, माझ्या मुलीला पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा. लोकांचं दुखणं थांबवता येतंय, तेही आपल्याच ड्रॉवरमधून. यात चूक कुठे आहे हे मला आजही एका वाक्यात सांगता येणार नाही.

१९८६ साली दिवाळीच्या तोंडावर मोठी ऑर्डर आली. त्यातच एके दिवशी ग्राइंडरचा कण आण्णांच्या स्वतःच्या डाव्या डोळ्यात बसला. त्यांनी थेंब घातला आणि आरशात बघून काडीने कण काढला. कण निघाला. पण लोखंड बुबुळात काही तास राहिलं की भोवती गंजाचं कडं धरतं. कण गेला तरी ते कडं मागे उरतं आणि ते डॉक्टरनेच काढायचं असतं. आण्णांना हे ठाऊक नव्हतं. डोळा खुपत राहिला. थेंब घातला की थांबायचा, पंधरा-वीस मिनिटांनी परत सुरू व्हायचा. आई म्हणत होती, डॉक्टरला दाखवून या. ते म्हणत, ऑर्डर जाऊ दे. आईने बाटलीला हात लावायचं नाकारलं. त्यांना स्वतःला थेंब नीट घालता येईना, डोळा मिटायचा आणि थेंब गालावर जायचा. मग त्यांनी मला हाक मारली.

मी ११ वर्षांची होते. सहावीत.

"तुझा हात हलका हाय," ते म्हणाले. मी स्टुलावर चढायचे. ते मान मागे टाकायचे, मी डाव्या हाताने पापणी खाली ओढायचे आणि उजव्या हाताने बाटली धरायचे, अंगठा आणि पहिलं बोट. त्यांच्या श्वासाला तंबाखूचा आणि ऑइलचा वास यायचा. बुबुळावर थेंब पडताना मी स्वतःचा श्वास धरायचे. मग ते डोळा मिटायचे, आणि त्यांचा आवळलेला जबडा हळूहळू सुटताना मी पाहायचे. हे मी करत होते. माझ्या हाताने आण्णांचं दुखायचं थांबत होतं. शाळेत मला कशातही नंबर नव्हता, धाकट्या भावाचंच सगळं कौतुक व्हायचं, आणि इथे आण्णा लेथ थांबवून मला हाक मारत होते. मी अभ्यासाची वही घेऊन शेडमध्येच बसू लागले. दर अर्ध्या तासाने हाक यायची. पुढे पुढे एका थेंबाने भागेना. "आणिक एक थेंब घाल की," ते म्हणायचे, आणि मी घालायचे. रात्री झोपेतूनही उठवायचे. मी उठायचे. मला जड वाटत नव्हतं. खरं सांगायचं तर हाक आली नाही तर मी वाट बघायचे.

तीन आठवडे. ऑर्डर वेळेत गेली.

ऑर्डर गेल्यावर एका सकाळी थेंब घालताना मला बुबुळावर पांढरट ठिपका दिसला. भाताचं शीत चिकटावं तसा. मी आईला हाक मारली. त्याच दिवशी पॅसेंजरने आम्ही तिघं मिरजेला गेलो. भावाला शेजारी ठेवलं होतं. डॉक्टरांनी डोळ्याला केशरी पट्टी लावली, खोलीत अंधार केला आणि निळा दिवा टाकला. आण्णांच्या डोळ्यात हिरवी जखम लखलखली. खरंच लखलखली, दिवाळीतल्या काडीसारखी. जिथे जिथे साल गेलेली असते तिथे तो रंग भरतो, हे मला फार नंतर कळलं. तेव्हा मला ते सुंदर वाटलं होतं, आणि आपल्याला ते सुंदर वाटलं याची लाजही तेव्हाच वाटली होती. डॉक्टरांनी पिशवीतली बाटली पाहिली. त्यांचा आवाज चढला. "हे कोण घालतंय? दिवसातून किती वेळा?"

आण्णा म्हणाले, "मीच घालतो. आरशात बघून."

मी आईच्या मागे उभी होते. आई भिंतीकडे बघत होती. रंगाचं पाणी आण्णांच्या गालावरून ओघळलं होतं आणि त्यांनी ते आपल्या पांढऱ्या रुमालाने टिपलं, तो पिवळा-केशरी डाग. परतीच्या गाडीत त्यांच्या डोळ्यावर पट्टी होती. जयसिंगपूरला त्यांनी शेंगा घेतल्या आणि पुडी माझ्या मांडीवर ठेवली. रुकडीच्या पुलावर गाडीचा आवाज बदलतो, पोकळ होतो. त्या आवाजात त्यांनी मला विचारलं, "गणिताचा पेपर कधी हाय?"

त्या दिवसानंतर डोळ्यात घालायची बरीच औषधं आली. दर तासाला एक, असं कितीतरी दिवस. ती सगळी आईने घातली. आई मला एका शब्दानेही बोलली नाही. फक्त ते काम तिने आपल्याकडे घेतलं. मी स्टूल ओढून पुढे झाले की ती म्हणायची, "राहू दे, तू अभ्यास कर." जखम भरली, पण फूल पडलं. बुबुळावर पांढरा डाग उरतो त्याला आपल्याकडे डोळ्यात फूल पडलं म्हणतात. इतक्या कुरूप गोष्टीला हा शब्द कुणी दिला असेल? कदाचित ज्याच्या डोळ्यात ते असतं त्याच्या तोंडावर म्हणायला बरा पडावा म्हणून दिला असेल. आण्णांना त्या डोळ्याने उजेड-अंधार कळतो आणि समोरून कुणी गेलं तर सावली कळते. मायक्रोमीटर ते त्यानंतर उजव्या डोळ्याने वाचू लागले. ड्रॉवर रिकामा झाला. शेडमध्ये नवे गॉगल आले, आणि दर तीन महिन्यांनी त्यांच्या काचा बदलायच्या असा नियम त्यांनी केला. कण गेला की कामगाराला स्कूटरवर बसवून ते थेट डॉक्टरकडे नेत, मशीन बंद राहिलं तरी. त्यामागचं कारण त्यांनी कुणालाही सांगितलं नाही.

त्या दुपारी बाकावरून घरी आल्यावर मी बरेच दिवस या औषधाविषयी वाचत राहिले. बुबुळ हा शरीरातल्या सगळ्यात जागत्या भागांपैकी एक. कातडीच्या तुलनेत शेकडो पट दाट नसा, आणि रक्तवाहिनी एकही नाही. पारदर्शक राहायचं तर रक्त चालत नाही, म्हणून ते प्राणवायूसुद्धा बराचसा हवेतूनच घेतं. नसेतून निरोप जायचा तर नसेच्या पडद्यातली सोडियमची बारीक दारं उघडावी लागतात. हे थेंब ती दारं धरून ठेवतात, एवढंच. हल्ली तपासणीला बहुतेक ठिकाणी प्रोपॅराकेन वापरतात, तेच फ्रिजमध्ये ठेवलेलं असतं. पण या नसा नुसत्या ओरडत नसतात, त्या बुबुळाला पोसतही असतात. ओरखडा उठला की कडेच्या पेशी सरकत सरकत मध्ये येऊन जखम झाकतात. साधा ओरखडा दिवसा-दोन दिवसांत झाकला जातो. औषध पुन्हा पुन्हा पडत राहिलं की त्या पेशींचं सरकणंच थांबतं, पापणी कमी लवते, डोळा कोरडा पडतो, जखम उघडीच राहते, आणि माणसाला काहीच कळत नाही. तीन आठवडे आम्ही दोघांनी नेमकं हेच केलं होतं. प्रत्येक तपशील वाचताना मला तो स्टूल आठवत होता.

हे थेंब ज्याने जगाला दिले त्याच्याविषयीही वाचलं. कार्ल कोलर, व्हिएन्नातला २६ वर्षांचा डॉक्टर. १८८४ सालची गोष्ट. त्याचा मित्र सिगमंड फ्रॉइड कोकेनचा अभ्यास करत होता, आणि ते जिभेला लागलं की जीभ बधिर होते हे माहीतही होतं. कोलरला डोळ्यांचा सर्जन व्हायचं होतं, त्यामुळे जीभ बधिर होते तर डोळाही होईल हे त्याच्याच डोक्यात आलं. आधी बेडकाच्या डोळ्यात, मग सशाच्या, कुत्र्याच्या. शेवटी त्याने आणि त्याच्या सहकाऱ्याने एकमेकांच्या डोळ्यात ते पाणी घातलं, आरसा समोर धरला आणि टाचणीच्या डोक्याने स्वतःच्या बुबुळाला स्पर्श केला. मला त्या प्रसंगातला आरसा फार खरा वाटतो. दिसतंय की टाचणी टेकली आहे, आणि लागत नाही. १५ सप्टेंबर १८८४ रोजी हायडेलबर्गच्या परिषदेत हा शोध जाहीर झाला, पण कोलरजवळ तिथे जायला पैसे नव्हते. त्याचा निबंध ब्रेटाउअर नावाच्या दुसऱ्याच डॉक्टरने वाचून दाखवला. त्याआधी मोतीबिंदू काढायचा म्हणजे माणूस जागा, डोकं दोघांनी धरलेलं आणि डोळ्यात सुरी. आपल्याकडे सुश्रुताच्या काळापासून सुईने मोतीबिंदू मागे ढकलत आले, तेही असंच धरून. आमच्या शेडमधली काडी आणि ती सुरी यांत मला फार अंतर दिसलं नाही. आणि त्या पहिल्या औषधातही हा दोष होताच. कोकेनने बुबुळ कोरडं पडतं, धुरकट होतं, हे लवकरच ध्यानात आलं. म्हणून पुढे दुसरी औषधं शोधली गेली.

आपल्या भाषेत भूल हा एकच शब्द किती ठिकाणी वापरतात. ऑपरेशनआधी देतात ती भूल, रानात वाट चुकवते ती भूल. आण्णांच्या बिलबुकावर प्रत्येक पानाच्या तळाशी छापलेलं असायचं, भूल चूक देणे घेणे. मी ती बिलं लहानपणी मोठ्या अक्षरात लिहून द्यायचे, अर्थ न कळता.

पण म्हणून या थेंबांवर राग धरता येत नाही. माझ्या भाचीची मुलगी ३० आठवड्यांची जन्मली. अशा मुलांच्या डोळ्यांचा मागचा पडदा महिन्याच्या आत तपासावा लागतो, नाहीतर नजर जाऊ शकते. मुठीएवढं तोंड, त्यात तारेच्या बारीक चिमट्याने उघडी धरलेली पापणी. त्याआधी हाच थेंब. ती तरीही रडली, पण थेंब नसता तर काय झालं असतं हा विचार मला करवत नाही. आणि मग गेल्या महिन्यात आण्णा.

आण्णा आता ८० चे आहेत. उजव्या डोळ्यात, म्हणजे ज्या एकाच डोळ्याने दिसतं त्यात, मोतीबिंदू पिकला होता. दोन वर्षं ते टाळत होते, आणि खरं तर मीही टाळत होते. एकच डोळा. शेवटी डॉक्टरांनी समजावलं की एकच डोळा असलेल्या माणसाला तर डोळ्यामागे इंजेक्शन न देता नुसत्या थेंबांवर करणं जास्त बरं. सुईचा धोका नाही, डोळ्यावर पट्टी नाही, टेबलावरून उठताना दिसत असतं. फक्त डोळा हलवायचा नाही, वरच्या दिव्याकडे बघत राहायचं. आण्णा म्हणाले, "आयुष्यभर मायक्रोमीटर बघितलाय, दिव्याकडं बघायला काय जातंय." मी बाहेर बसले होते. दारातून यंत्राची बारीक किणकिण ऐकू येत होती. वीस मिनिटांत ते चालत बाहेर आले, डोळ्यावर पारदर्शक वाटीसारखं कव्हर. म्हणाले, गार पाणी वाहत होतं, आणि समोर निळं, गुलाबी, मग एकदम पांढरं. "वेल्डिंग चाललंय असं वाटलं गं. पर लागलं न्हाई कायबी." मग ते माझ्याकडे बघत राहिले. म्हणाले, "तुझे केस पांढरे झाल्यात की."

औषधांचा कागद माझ्या हातात दिला. तीन बाटल्या. एक दिवसातून सहा वेळा, एक चार वेळा, एक तीन वेळा. दोन औषधांमध्ये पाच मिनिटांचं अंतर. महिनाभर. आई जाऊन नऊ वर्षं झाली. भाऊ बंगळुरूला. मी डॉक्टरांना विचारलं, घरी येऊन थेंब घालणारी कुणी सिस्टर मिळेल का. त्या जरा चकित झाल्या, म्हणाल्या, त्यात काय आहे, तुम्हीच घाला. मी प्रत्येक बाटलीवरचं नाव दोनदा वाचलं. मग त्यांना विचारलं, "यातलं बधिर करायचं कुठलं नाही ना?" त्या म्हणाल्या, "नाही हो. ते आम्ही घरी देतच नाही."

घरी आल्यावर आण्णा खुर्चीत बसले आणि त्यांनी मान मागे टाकली. त्यांनी मला काही विचारलं नाही, मीही काही बोलले नाही. स्टुलाची आता गरज नव्हती, उलट मलाच वाकावं लागलं. हात साबणाने धुतले. कव्हर काढलं. शेजारी डावा डोळा उघडा होता, त्यातलं ते पांढरं फूल इतक्या जवळून मी किती वर्षांनी पाहत होते. डाव्या हाताने उजव्या डोळ्याची पापणी खाली ओढली. कातडी सुरकुतलेली, सैल, कागदासारखी. अंगठा आणि पहिलं बोट. माझा हात थरथरत होता, म्हणून मी मनगट त्यांच्या कपाळाला टेकवलं. थेंब पडला. त्यांनी डोळा मिटला. कपाळ आवळलं गेलं.

"झोंबतंय गं."

"फार?"

"न्हाई. जरासं."

पाच मिनिटांनी दुसरी बाटली घ्यायची होती. मी त्यांच्या गालावर आलेलं पाणी कापसाने टिपलं, पांढरंच होतं, आणि घड्याळाकडे बघत त्यांच्याशेजारी बसले.